दादाच्या रिळासाठी दोरा

दादाने दोन्ही रॉड आणि रिळांची पिशवी खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून माझ्या दुकानात आणून टाकली, तेव्हा मी एका जळालेल्या मोटारीची तार छिन्नीने कापून काढत होतो. पोतं फरशीवर आदळल्याचा आवाज झाला. मी मान वर केली.

"हे घे. तुझ्या कामाचं असंल तर ठेव, न्हाई तर देऊन टाक कोणाला."

"काहून?"

"बूच दिसत न्हाई आता पाण्यावरचं. नुसतं बसून राहायला मी काय बगळा हाय?"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सेनगाव-हिंगोली रस्त्यावर त्याने अर्धं आयुष्य जीप चालवली. मग शुगर डोळ्यांच्या पडद्यावर उतरली. त्याला कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. भेटायला आलेल्या माणसाला तो म्हणतो, "तोंड न्हाई दिसत तुझं, कान दिसतात. कानावरून वळखून राहिलो." जीप त्याने स्वतःच विकली, कोणी सांगायची वाट पाहिली नाही. त्यानंतर त्याच्याकडे एकच गोष्ट उरली होती, येलदरी धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकून बसायची. आता तीही तो माझ्या फरशीवर टाकून निघाला होता.

"खंडेनवमीला पूजेत काय ठेवशील मग?" मी विचारलं. आमच्याकडे त्या दिवशी ज्याची जी अवजारं असतील ती पूजेला मांडतात. जीप होती तोवर दादा जीप धुवायचा. गेल्या वर्षी त्याने रॉड मांडले होते.

"गोळ्यांचा डबा ठेवीन," तो म्हणाला आणि पायरी चाचपत उतरला.

दुपारी वहिनीचा फोन. "भाऊजी, काहीतरी करा बाई तुमी. बाजेवर बसून राहतेत अन् दिवसभर खुसपटं काढतेत. नळ टपकून राहिला, दाराच्या बिजागरीला तेल न्हाई, शेजारीण मिक्सर उशिरा लावती. भिंतीपलीकडचं समदं ऐकू येऊन राहिलं त्यांना."

मोटार वाइंडिंगचं माझं दुकान. पावसाळा सरत आलेला, शेताला पाणी द्यायची गरज नाही, म्हणून मोटारी जळत नाहीत आणि मला काम नाही. काम नसलं की मला बसवत नाही. शटरच्या आतल्या बाजूला मी खडूने कामांची यादी लिहितो. त्या दिवशी यादीत दोनच मोटारी होत्या. तिसऱ्या ओळीवर मी लिहिलं: दादा, दोरा.

कारण मला प्रश्न साधा दिसला. दादाला डोळा लागत होता तो बूच पाहण्यासाठी. मासा चाऱ्याला तोंड लावतो, बूच बुडतं, आपण रॉड झटक्याने मागे मारतो. पण बूच काढूनच टाकलं आणि माशाचा ठोका थेट दादाच्या बोटाला कळला, तर डोळ्याचं काम उरतच नाही. म्हणजे प्रश्न डोळ्याचा नव्हता, मधल्या दोऱ्याचा होता.

पोत्यातली रिळं काढून मी बाकावर मांडली. तीन होती. तिन्हींवर तंगूस भरलेला, म्हणजे नायलॉनचा एकसंध, काचेसारखा दोरा, जो आपल्याकडे सगळे वापरतात. एका तंगुसाचं टोक मी बाकावरच्या शिकंजात पकडलं आणि रीळ घेऊन रस्ता ओलांडून चहाच्या हॉटेलाच्या खांबापर्यंत गेलो. तिथून ओढून पाहिलं. रबरासारखा ताणला. मी दोन पावलं मागे सरलो तरी शिकंजाजवळचं टोक हललं नाही.

"काहून मालक, मोटारी सोडून पतंग धरली का?" हॉटेलवाला ओरडला.

"वाकून जा, गळ्यात अडकंल," मी म्हटलं.

तंगुसाचा हा ताण वाईट नसतो. मोठा मासा हिसका देतो तेव्हा तोच ताण तो हिसका गिळतो आणि माशाचं तोंड फाटत नाही. पण पाण्यात दूरवर बसलेल्या माशाचा हलका ठोकाही तो तसाच गिळतो. बूच असलं तर चालतं. बोटावर भरवसा ठेवायचा असला तर नाही. शिवाय दादाचा तंगूस दोन उन्हाळे पत्र्याखाली राहिलेला. नखाने ओरखडला तर पांढरी भुकटी निघाली. उन्हाने तंगूस आतून मरतो, वरून तसाच चमकत राहतो.

मग रिळं. एक आडवं, ज्यात दोरा भरलेली फिरकी स्वतः फिरते. फेकल्यावर चारा पाण्यात पडला त्या क्षणी अंगठ्याने फिरकी दाबावी लागते, नाही तर दोऱ्याचं घरटं होतं. तो क्षण डोळ्यानेच कळतो. आडवं रीळ मी परत पोत्यात टाकलं. उरलेल्या दोन उभ्या रिळांमध्ये फिरकी जागेवर राहते आणि दोरा तिच्या कडेवरून वेढ्यावेढ्याने सुटतो. लहान फिरकीवर जाड तंगूस भरला की तो वेढे विसरत नाही, स्प्रिंगसारखा उसळून बाहेर येतो. तिथे बारीकच लागतो, काठाजवळच्या चिलापीसारख्या लहान माशासाठी ठीक. मोठं उभं रीळ दादाच्या हातातलं, वजनदार. त्यावरच काम करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी हिंगोली गाठली. जाळी आणि गळ विकणाऱ्या दुकानात खिशातून मायक्रोमीटर काढला. तारेची जाडी मोजायला तो माझ्याजवळ कायम असतो. दुकानदार हसायला लागला.

"कौनसा होना भाई? मछली पकडनेका है के सोना तोलनेका?"

"विणलेला दोरा दाखवा. ताणत न्हाई तो."

त्याने तीन गुंडाळ्या पुढे टाकल्या. आमच्या तारेत गेजचा नंबर वाढला की तार बारीक होते, दोऱ्यात उलटं. त्यामुळे पहिल्यांदा मी भलताच उचलला, बैल बांधता येईल असा. तो ठेवला, बारीक घेतला. एका डब्यावर लिहिलेल्या जाडीपेक्षा आतला दोरा सरळ दीडपट निघाला. दुकानदाराला दाखवलं.

"छापनेवाले की गलती है," तो म्हणाला, "मछली कहाँ पढती है?"

विणलेल्यात हिरवा होता आणि पिवळा होता. हिरवा पाण्यात लपतो. मी पिवळा घेतला, कारण दादाला कडेने पिवळं अजून दिसतं.

दुकानात आलो आणि तडक भरायला बसलो. विणलेला दोरा गुळगुळीत, फिरकीचा धातूही गुळगुळीत, म्हणजे एकावर एक घसरणार हे मला ठाऊक होतं. मोटारीच्या खाचेत तांब्याची तार बसवण्याआधी आम्ही आत कागद घालतो, जाड, पिवळट, तारेला धरून ठेवणारा. तोच कागद कापून मी फिरकीला गुंडाळला आणि त्यावर दोरा भरला. ओढून पाहिलं, जागचा हलेना. आणि भरला तोही अगदी कडेपर्यंत. आमच्या धंद्यात खाच रिकामी राहिली तर ते कच्चं काम. हात सवयीने भरतच गेला.

दादाला मोटरसायकलवर मागे बसवलं. यायला तयार नव्हता. "तुझा वेळ जात न्हाई म्हणून मला घेऊन चालला तू," म्हणाला. ते खोटं नव्हतं.

फुगवट्याचं पाणी अजून गढूळ होतं. काठाला बुडालेल्या बाभळींची टोकं वर आलेली, मध्येमध्ये काळे दगड. दादाने पेंडीचा आणि कणकेचा गोळा मळला, गळावर दाबला, उभा राहिला आणि पाण्याचा आवाज ऐकत फेकला. पहिल्याच फेकीला फिरकीवरून मूठभर दोरा एकदम उडाला आणि रॉडच्या पहिल्या कडीत गच्च बसला.

"कडेपर्यंत भरला का तू?"

"व्हय."

"कनेरगाव नाक्याला टपावर माणसं बसवून जीप काढत्यात तसं झालं. वरची उतरव."

वरचा गुंता कापला, थोडा दोरा कमी केला. दुसरी फेक छान गेली. दादाने दोरा पहिल्या बोटावरून घेतला आणि खाली बसला. मी बसू शकलो नाही. मी काठाने चालत राहिलो, परत येत राहिलो, रॉडच्या टोकाकडे पाहत राहिलो. टोक हललं.

"लागलं! मार!"

त्याने रॉड मारला. काही नाही. परत चारा, परत फेक. परत टोक हललं, परत मी ओरडलो, परत रिकामं. तिसऱ्यांदा त्याने रॉड मारलाच नाही. माझ्या आवाजाच्या दिशेने कान करून म्हणाला, "तूच धर मग. मासा तुझा, डोळा तुझा. माझं काय काम हाय हितं?"

मी मागे सरलो. टोक एकदम वाकलं आणि मी पुन्हा ओरडलोच. या वेळी मासा खरंच लागला होता, जड, सरळ आत जाणारा. दादाने रिळाची मूठ फिरवायला सुरुवात केली. मूठ फिरत होती, पण दोरा आत येत नव्हता. फिरकीवरचा सगळा पिवळा गठ्ठा एकसंध, आपल्याच जागी गोल गोल घसरत होता.

"अरे, रीळ फिरून राहिलं, दोरा येईना! काय भरलंस यात?"

मी पुढे झालो आणि दोरा हाताने धरला. विणलेला बारीक दोरा ओला असताना हाताने धरायचा नसतो. तळव्यातून तो सुरीसारखा गेला. मी सोडला. पुढच्या क्षणी दोरा सैल पडला.

परतीच्या वाटेवर माझ्या तळव्याला रुमाल बांधलेला, दादा मागे बसलेला. गाडी रस्त्याला लागली. मग माझ्या खांद्याजवळ म्हणाला, "तुटायच्या आदी दगडावरून घासून राहिला होता. खरखर, खरखर. बोटाला कळली मला."

"दोरा हातात होता म्हणून कळलं ना?"

"व्हय. पण मासा लागला ते तूच सांगितलं. रॉड ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

संध्याकाळी फिरकी उघडली. आतला कागद भिजून पाण्यातल्या पापडासारखा झाला होता. मोटारीतला कागद वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवतात, तेव्हा कुठे तो ओल सोसतो, आणि मी तो कोरडाच वापरला होता. क्षणभर वार्निशचा डबा उचललाही, मग ठेवून दिला. डोक्यात मोटारच बसली होती.

तळाला नवा तंगूस भरला, थोडेच थर. तंगूस मऊ, त्याची गाठ धातूला आवळून बसते. त्यावर पिवळा दोरा जोडला. साधी गाठ विणलेल्या दोऱ्यावर सरकते, तंगुसाला पुरतात त्यापेक्षा जास्त वेढे द्यावे लागतात आणि आवळण्याआधी थुंकीने ओली करावी लागते, नाही तर घर्षणाने जळते. किती गाठी कापून टाकल्या कोण जाणे, बाकाखाली पिवळा कचरा साचला. फिरकीच्या कडेशी काडेपेटीची काडी आडवी मावेल एवढी जागा सोडली. हात भरायला पुढे जात होता, मी तो मागे घेत होतो. शेवटी, गळाकडच्या टोकाला, दीड हात लांबीचा जाड तंगूस जोडला, कारण विणलेला दोरा कितीही दम धरणारा असला तरी दगडावर एका घासात जातो आणि तंगूस तिथे टिकतो. शिवाय पिवळा रंग चाऱ्यापासून दूर राहतो. थंडीत पाणी निवळेल तेव्हासाठी दुकानदाराने फ्लोरोकार्बनची छोटी गुंडाळी दिली होती. ती बुडते, पाण्यात जवळजवळ दिसत नाही, दगडालाही चांगली, पण कडक, वळत नाही, तिला गाठ वेगळी लागते. ती ठेवून दिली. गढूळ पाण्यात तिची गरज नव्हती.

सगळं झालं तरी मूळ गोष्ट राहिलीच. मासा लागल्याचं दादाला स्वतःला कळणार का, हे मी शिकंजावर तपासू शकत नव्हतो.

दादाकडे गेलो तर तो बाजेवर उताणा.

"मला तकलीफ देऊ नको बाबा."

"एक डाव. या डावाला मी बोलणार न्हाई."

"तू?" तो उठून बसला. "तुझं तोंड शिवावं लागंल. ह्याच दोऱ्यानं."

"मी देते सुई," वहिनी आतून म्हणाली.

"न्हाई कळलं तर पोतं माझं," मी म्हटलं. "परत विषय न्हाई काढणार."

त्याने चपला शोधायला पाय खाली सोडले.

नवरात्र लागलेलं होतं. पाणी काठाशी निवळायला सुरुवात झाली होती. दादाने फेकलं. दोरा सरळ सुटला, फिरकीवरून फक्त एक सळसळ ऐकू आली. त्याने बोट दोऱ्याखाली घेतलं आणि मान खाली घातली. मी त्याच्या मागे दगडावर बसलो. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले, कारण ते मोकळे राहिले की बोट दाखवतात.

टोक हललं. पिवळा दोरा पाण्याशी थरथरला. माझ्या घशात शब्द आला आणि मी तो गिळला. परत हललं. दादा ढिम्म. मला वाटलं, नाही कळत त्याला. संपलं. पोतं माझ्या दुकानात, हा बाजेवर, नळ टपकून राहिला. माझा पाय आपोआप हलायला लागला, मी तो दुसऱ्या पायाने दाबला.

"चिलापी हाय," दादा म्हणाला. "लेकरू. चाटून राहिलं. खाऊ दे."

ओळखलं होतं की अंदाज मारला होता, मला कळायला मार्ग नव्हता. माझी बेचैनी उलट वाढली. चारा संपला, त्याने बदलला, परत फेकला. ऊन वर आलं, वारा सुटला. वाऱ्याने दोऱ्याला पोट आलं आणि रॉडचं टोक सारखंच हलू लागलं. आता मला पाहूनही काही कळेना. दादाने रॉडचं टोक पाण्यापर्यंत खाली नेलं, दोऱ्यातलं पोट काढलं आणि परत गप्प झाला.

काहीच झालेलं नसताना त्याने दोन्ही हातांनी रॉड मागे ओढला.

रॉड कमानीसारखा वाकला. टोक हललेलं मी पाहिलं नव्हतं. दोऱ्याची थरथर पाहिली नव्हती. मी दगडावर बसून, डोळे फाडून पाहत होतो आणि मला काहीही दिसलेलं नव्हतं.

"रोहू," तो म्हणाला. "ओठ लावून मागं सरला. आता धरतो का बघ तुझा दोरा."

रिळाचा ब्रेक करकरला, दोरा हवा तेवढाच सुटला आणि मूठ फिरवली की आत येऊ लागला. मध्ये एकदा माशाने दगडाच्या मागे तोंड घातलं. दादाने रॉड आडवा केला, थांबला, बोटाने ऐकला, मग परत ओढला. शेवटी म्हणाला, "आता बोल. काठ किती हाय?"

"हातभर," मी म्हटलं. जाळी घेऊन पाण्यात उतरलो आणि मासा उचलला. गळाजवळचा तंगूस दगडाने खरवडलेला होता, पण शाबूत होता.

"तू आता जा," दादा म्हणाला. "रस्त्यावर च्या पिऊन ये."

"मी बसतो ना."

"तू बसत न्हाईस, तीच तर पंचाईत हाय. जा."

मी वर रस्त्याकडे निघालो. थोडं गेल्यावर परत फिरलो. बाभळीच्या आड थांबून पाहिलं. तो एकटा बसला होता, पाण्याकडे तोंड नव्हतंच, कडेला होतं. मी एका जागी उभा राहू शकलो नाही. दोन पावलं इकडे, दोन तिकडे.

"पाय आपटू नको," तो मागे न वळता ओरडला. "बोटात येऊन राहिलं."

मी चहा प्यायला गेलो.

खंडेनवमीला सकाळी दुकानात मांडणी केली. तार गुंडाळायचं यंत्र, पकडी, मायक्रोमीटर, आणि पोत्यातून काढून पुसलेले दोन्ही रॉड. रोहू लागला त्या दिवशी घरी जाताना ते माझ्याच गाडीवर राहिले होते आणि दोघांपैकी कोणी विषय काढला नव्हता. रिळावर झेंडूचं फूल ठेवलं, कुंकू लावलं. तेवढ्यात दादा कोणाच्या तरी ऑटोतून उतरला, पायरी चाचपत वर आला आणि मांडणीवरून हात फिरवत रिळापर्यंत पोहोचला.

"हे फूल कोणी ठेवलं? पाकळी फिरकीत गेली की गुंता व्हतो." फूल काढून त्याने माझ्या पकडीवर ठेवलं. दोन्ही रॉड आणि पिशवी काखेत मारली. "पोतं कुठं हाय माझं?"

"पूजा तर होऊ दे."

"माझी पूजा माझ्या घरी व्हईल," तो म्हणाला. "आणि ती दुसरी गुंडाळी दे. पाणी निवळलं की लागंल म्हणला व्हतास, कडक."

मी फ्लोरोकार्बनची गुंडाळी दिली. त्याने एक टोक ओढून बोटावर घासलं, मान हलवली आणि खिशात टाकली.

शटरवरची तिसरी ओळ मी फडक्याने पुसली. मग खडू हातातच होता म्हणून तिथे लिहिलं: थंडी, गाठ नवीन.